टॉवेल टाकलेला टीव्ही

परकारचाचांच्या दुकानातून मी एक फिल्म चोरली. 'कॉपी केली', 'चुकून आली' असे दुसरे शब्द मी चार वर्षं वापरून पाहिले, पण चोरली हाच शब्द बरोबर आहे. आणि ती चोरी उघड व्हायची वेळ आली तेव्हा मी चाचांचं नाव पुढे केलं. त्यांनी ते पुढे करू दिलं. चाचा कसे होते हे मला सांगायचंय, पण हे आधी सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिण्याचा मला हक्क नाही.

कुवेतमध्ये सालमियात एका जुन्या मॉलच्या तळघरात त्यांचं दुकान होतं. दुकान त्यांचं म्हणायचं ते सवयीनं. मालक त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता तो कुवेती; तो वर्षातून दोनदा उगवायचा. पुढच्या भागात एक मल्याळी माणूस पासपोर्टचे फोटो काढायचा आणि मागच्या खोलीत चाचा जुन्या व्हिडिओ टेपा कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचे. मूळचे दाभोळ खाडीकाठचे. विशीत कुवेतला आले ते एका व्हिडिओ लायब्ररीत. तिथं त्यांचं काम होतं कापायचं. नवी फिल्म आली की भाड्यानं देण्याआधी तिच्यातलं नको ते काढून टाकायचं. त्यामुळे चाचांनी शेकडो सिनेमे पाहिले होते, आणि एकाचीही गोष्ट त्यांना सलग सांगता यायची नाही.

"हिरो हिरोइनीच्या जवळ सरकायला लागला की मी पंख्याकडं बघायचो," ते म्हणायचे. "गाणं बदललं की परत खाली. बारा वर्षं काढली तशी. सिनेमा कळला नाय, पण पंखा पाठ झाला."

मी त्यांच्याकडे गेलो ते मंडळाच्या कामासाठी. मी इथे पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, मूळचा नाशिकचा, आणि तेव्हा आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. जुनी नाटकं, मुलांच्या वेशभूषा स्पर्धा, हळदीकुंकू, असल्या तीसेक टेपा कुणाकुणाच्या माळ्यावरून गोळा करून मी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलून नाकाशी धरली आणि हुंगली.

"बुरशी नाय. निघंल." मग माझ्याकडे बघून, "कुठल्या कंपनीत, इंजिनीरसाहेब?"

"इंजिनिअर आहे हे कसं ओळखलंत?"

"टेपांना नंबर घातलेत. आमचे लोक घालत नायत."

तेव्हापासून मी दर शुक्रवारी तिथे बसायला लागलो. काम हे निमित्त. घरी बायको आणि मुलगी होत्या. पण ऑफिसात इंग्रजी, बाजारात हिंदी, मुलगी इंग्रजीत उत्तर देणारी, त्यामुळे कुणाशी नुसतं मराठीत बसावं असं व्हायचं. चाचा खोबऱ्याची चटणी घालून सँडविच आणायचे आणि अर्धं माझ्यापुढे सरकवायचे. घेतो का म्हणून विचारायचे नाहीत.

त्यांच्या खोलीत एक टीव्ही होता आणि टीव्हीच्या बाजूला खिळ्याला एक निळ्या पट्ट्यांचा टॉवेल. हा टॉवेल कशाला, ते मला तिसऱ्या शुक्रवारी कळलं. एक कुवेती बाई ड्रायव्हरबरोबर आली आणि पिशवीभर टेपा ठेवून गेली. बहिणीच्या लग्नाच्या. इथे लग्नात बायकांचा कार्यक्रम वेगळा असतो. तिथे अंगभर काळा अबाया नसतो, केस मोकळे असतात, नाच असतो, आणि त्याचं शूटिंग बायकाच करतात. ते परक्या पुरुषानं बघायचं नसतं. चाचांनी टेप मशीनमध्ये घातली, टॉवेल काढून टीव्हीवर टाकला, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि कानाला हेडफोन लावले.

"आणि टेप बिघडली तर?" मी विचारलं.

"आवाजात कळतं. टेप घसरली की गाणं रडतं."

दोन तास ते भिंतीकडे तोंड करून बसले. मधे एकदा उठून त्यांनी मशीन थांबवलं, झाकण उघडून कापसानं काहीतरी पुसलं, पुन्हा लावलं. टॉवेल हलला नाही.

"चाचा, या तळघरात तुम्हाला बघतंय कोण?"

"कोण नाय बघत म्हणून तर टॉवेल," ते म्हणाले. "कोण बघत असता तर लाजंनंच मान खाली गेली असती."

आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाची टेप लावतानाही त्यांनी टॉवेल टाकला. मला हसू आलं. म्हटलं, अहो, यात काही नाही, साध्या आपल्या घरच्या बायका आहेत, माझी बायकोपण आहे त्यात. ते म्हणाले, "आपल्या घरच्या हायत, म्हणजे मग बघायच्या?" मी हसणं थांबवलं.

दुसरी त्यांची सवय म्हणजे टेपांवर मराठीत लिहायची. गिऱ्हाईक अरबी, शेजारी मल्याळी, कफील कुवेती. देवनागरी कुणालाच येत नसल्यामुळे चाचांना मोकळं रान होतं. 'नवरीची मावशी भांडकुदळ, दिलेल्या दिवशीच द्यावी.' 'रडणारं पोर, दोन तास.' 'हा साहेब आधी ओरडतो मग चहा पाजतो.' मी शेल्फसमोर उभा राहून हे वाचायचो आणि खो खो हसायचो.

"आतापावतर माझी वही कोणाला वाचता येत नव्हती," चाचा म्हणाले. "तुम्ही आलात आणि पंचाईत झाली."

त्याच शेल्फवर खालच्या कप्प्यात एक टेप होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'बाईंची ठेव. कोणी उघडू नये.' आणि कॉम्प्युटरवरही त्याच नावाचा फोल्डर होता.

त्या बाईंना मी एकदाच पाहिलं. सत्तरीच्या पुढच्या, लेबनॉनकडच्या, बारीक अंगाच्या. सबाह अल-सालेम भागात मुलाकडे राहायच्या. चाचा त्यांना मदाम म्हणायचे. एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी एका फिल्ममध्ये काम केलं होतं. काढणारी कंपनी बुडाली, फिल्म कुठे लागली, कुठे बंद पडली, आणि त्यांच्याकडे तेवढी एक टेप उरली. पुढे लग्न झालं, नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या. आता नातीला कुठूनसा एक जुना फोटो सापडला होता आणि ती हट्ट धरून बसली होती: आजी, तू नाचायचीस ते दाखव. फिल्ममध्ये नाच होता. पण बाकीचंही होतं, आणि ते नातीला दाखवण्यासारखं नव्हतं. नाच तेवढा ठेवायचा आणि उरलेलं काढून टाकायचं, असं काम त्यांनी चाचांकडे आणलं होतं.

ते कसं केलं हे चाचांनी मला जरा अभिमानानंच सांगितलं. मदाम टीव्हीसमोर बसल्या. चाचा त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, हातात माउस घेऊन. त्या अरबीत म्हणायच्या, 'इथून', की चाचा खूण करायचे. त्या म्हणायच्या, 'इथपर्यंत', की दुसरी खूण. असे दोन दिवस. नाचाची फाइल तयार झाली. पूर्ण फिल्म रविवारी मदाम येऊन त्यांच्यासमोर पुसून टाकायची होती. तोवर ती त्या फोल्डरमध्ये राहणार होती.

त्याआधीच्या शुक्रवारी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली. चाचा टोपी घालून उठले. "दुकान बघा हो इंजिनीर. आलो पढून."

मी दुकान बघितलं. मशीद पलीकडच्या गल्लीत होती, म्हणजे वीस मिनिटं. मी तो फोल्डर उघडला.

फिल्म अशी होती. मोती काढणारा एक गोताखोर समुद्राच्या तळाशी जातो. तिथे जिनांचा महाल. महाल पुठ्ठ्याचा, मासे दोरीला बांधलेले, दोरी दिसते. जिनांच्या राजाची धाकटी मुलगी त्याच्या प्रेमात पडते. पाण्याखाली त्याला श्वास हवा असतो, तो श्वास ती देते, ओठांनी. आणि दर श्वासाला तो आपल्या घरची एक आठवण तिला देऊन टाकतो, आणि ती अंगावरचं एक वस्त्र सोडते. शेवटी त्याला गाव आठवत नाही आणि तिच्या अंगावर काही उरत नाही. हे सगळं बहुधा काचेच्या टाकीत पाणी भरून काढलेलं. हिरवा उजेड, हळू हलणारे केस. आज सांगताना ते बालिश वाटतं. तेव्हा मी पन्नाशीला आलेला माणूस दरवाज्याकडे एक डोळा ठेवून ते पुढे ढकलत ढकलत बघत होतो. नको असलेला भाग ढकलत होतो आणि हवा त्या भागाला थांबत होतो. मग मंडळाच्या पेन ड्राइव्हवर मी ती उतरवून घेतली. घरी बायकोच्या हाती लागू नये म्हणून तिला नाव दिलं, 'नाटक भाग ३'.

चाचा परत आले, टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "कोण आलं होतं काय?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

पुढच्याच दिवशी मंडळाचा कार्यक्रम होता. खैरानला समुद्राकाठी आम्ही एक शाले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्यानं घेतलं होतं, मोठ्या हॉलचं. चाळीस कुटुंबं, मसालेभात, श्रीखंड, आणि जेवणानंतर प्रोजेक्टरवर जुन्या टेपा. वेशभूषा स्पर्धेत टिळक झालेला मुलगा आता बापाच्या उंचीचा होऊन लाजत बसला होता. सगळे आपापले जुने चेहरे ओळखत होते. मी अंगणात बर्फाच्या पेट्या उतरवून घ्यायला गेलो, आणि आमचे अध्यक्ष पाटणकर कौतुकानं म्हणाले म्हणे, "अरे, नाटक भाग तीन पण आहे की. लावा."

अंगणात मला अरबी संगीत ऐकू आलं. पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या शालेतलं असेल.

मी आत धावलो तेव्हा पडद्यावर हिरवा उजेड होता आणि पाण्यातून ती मुलगी वर येत होती. कुणाला प्रोजेक्टर बंद करता येईना. नागपूरहून आलेल्या कुणाच्या तरी सासूबाई मोठ्यानं विचारत होत्या, "अगं ही कोण? आपल्या मंडळातली का?" मी वायर ओढली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेपा माझ्याकडे होत्या, पेन ड्राइव्ह मीच भरून आणला होता. पहिल्या रांगेत माझी बायको होती आणि चौदा वर्षांची मुलगी. इथे असल्या फिल्मसाठी माणसाला थेट परतीच्या विमानात बसवतात, हेही डोक्यात येऊन गेलं. पण खरं सांगायचं तर मला फक्त मुलीचा चेहरा दिसत होता.

"दुकानात मिसळलं गेलं असणार," मी म्हणालो. "परकारचाचांकडे."

पाटणकर तापट माणूस. त्यांनी तिथेच माझ्याकडून नंबर घेऊन फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काय झालं ते ओरडून सांगितलं. म्हणाले, आमच्या बायकामुलांसमोर हे लागलं, तुम्हाला लाज वाटायला हवी.

मग चाचांनी विचारलं, "इंजिनीरसाहेब हायत काय तिथं?"

"आहेत ना. समोरच उभे आहेत."

"वहिनी, मुलगी?"

"सगळेच आहेत इथे. तेच तर सांगतोय."

"बरं," चाचा म्हणाले. "माझ्याकडनंच झालं असंल. सगळ्या वहिन्यांची माफी मागतो, सांगा त्यांना."

पाटणकरांनी फोन ठेवला. कुणीतरी मागून म्हणालं, दिसतात साधे, पण बघा. गाडीत माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट ओल्ड मॅन इज सो क्रीपी." मी आरशात बघत लेन बदलली.

इथवरही एक वेळ ठीक, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगायचो. पण दुसऱ्या दिवशी पाटणकरांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकायला सांगितली. सेक्रेटरी मी. 'सदर दुकानात कोणीही आपल्या घरगुती टेपा देऊ नयेत.' हे वाक्य मी टाइप केलं. 'सदर' हा शब्दही मीच घातला, म्हणजे नाव लिहायला नको. पण दुकानाचं नाव खाली कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी सांगितलं. ती सूचना इंग्रजीत झाली, मग मल्याळी लोकांच्या ग्रुपवर गेली, आणि कुठूनतरी अरबीत. ज्या माणसाकडे लोक घरातल्या बायकांच्या टेपा डोळे मिटून देत होते, कारण तो डोळे मिटून बसायचा, त्याच्याबद्दल. दोन-तीन महिन्यांत मागची खोली रिकामी झाली. मी एकदा तळघरात जाऊन लांबून बघितलं. टीव्ही गेला होता. खिळा होता.

मी चाचांना फोन केला नाही. त्यांनीही नाही. पेन ड्राइव्ह मी त्याच आठवड्यात हातोडीनं फोडून फेकून दिला होता, जणू त्याचीच चूक होती.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी मी आणि बायको वफ्राला भाजी आणायला गेलो. तिथे शेतांच्या कडेनं, रस्त्यालगत, ताजा माल विकायला मांडलेला असतो. गाड्या थांबतात, माणसं खिडकीतूनच खोके घेतात. एका मांडवापाशी मी गाडी थांबवली आणि मला चाचा दिसले. कफीलनं त्यांना भावाच्या शेतावर पाठवलं होतं, हे नंतर कळलं. वाळले होते, दाढी पूर्ण पांढरी. समोरच्या गाडीत कुवेती बायका होत्या. चाचा दोन्ही हातांनी काकड्यांचा खोका काचेशी धरून उभे होते आणि बघत होते खाली, स्वतःच्या चपलांकडे. बाई एकेक काकडी चाचपून घेत होती. तिचं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

बायकोला गाडीतच बसायला सांगून मी उतरलो.

"अरे, इंजिनीर," ते म्हणाले. जणू मी मागच्याच शुक्रवारी भेटलो होतो. "टोमॅटो न्या. मुळा नको, पोकळ हाय."

"चाचा, ती फिल्म मी घेतली होती."

"ठाऊक हाय मला."

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

ते खोक्यातल्या काकड्या सारख्या करत राहिले. "काय बोलणार? तुमची मुलगी होती तिथं. आणि ती मदामची फिल्म हाय, मदामनं दिली, हे उघड करायचं? तिची ठेव होती ती."

"त्यांना कळलं?"

"मी सांगितलं ना. रविवारी आली. म्हटलं, मदाम, माझ्या दुकानातनं बाहेर गेली, लोकांनी बघितली. टेप उचलली, नाचाची फाइल घेतली आणि गेली. पुढल्या वर्षी वारली." त्यांनी एक वाकडी काकडी बाजूला काढली. "मी मयतीला गेलो होतो. बाहेर उभा होतो."

मी म्हणालो, मला माफ करा. हातही जोडले असतील. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"एक सांगा. तिचा नाच कसा होता हो?"

"काय?"

"नाच. काम झाल्यावर तिनं मला विचारलं होतं, कसा वाटला? मी म्हटलं, फार चांगला. पण मी कुठं बघितला होता? खोटं बोललो तिच्याशी. ते राहून गेलंय माझ्या डोक्यात. तुम्ही बघितलीय फिल्म. म्हणून विचारतो."

मला नाच आठवेना. पुठ्ठ्याचा महाल आठवला, दोरीचे मासे, टाकीतलं हिरवं पाणी, सगळं आठवलं. नाचाचा भाग मी पुढे ढकलला होता. त्यात मला हवं ते काही नव्हतं.

"मी नाही बघितला, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. जरा निराश झाल्यासारखे दिसले, एवढंच. मग त्यांनी टोमॅटोचा खोका माझ्या हातात दिला.

"मग माझी माफी कशाला मागता? मला काय नवीन सांगितलंत तुम्ही? मी त्या दिवशी फोनवर जी माफी मागितली ती तिथल्या लोकांनी घेतली. ती माझी नव्हती. जमलं तर ती तेवढी परत घेऊन या."

मागे गाडीचा हॉर्न वाजला. ते दुसरा खोका उचलून निघाले, काचेशी जाऊन उभे राहिले, मान खाली.

गाडीत बसल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. खैरानच्या वळणापर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि मला आधी न सांगता मंडळात सांगितलं असतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं. पण आता मंडळातही सांग."

मंडळाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी आता सेक्रेटरी नाही. आयत्या वेळच्या विषयात हात वर केला. पाटणकर म्हणाले, "बोला, पण थोडक्यात, चहा थंड होतोय." मुलगी सुट्टीसाठी कॉलेजातून आली होती, तिला मी मुद्दाम बरोबर आणलं होतं. ती मागे मोबाइल बघत बसली होती. मी तिच्याकडे बघून बोललो, त्यामुळे माझा आवाज कमी-जास्त होत होता.

मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वी खैरानला पडद्यावर जे लागलं, ते मी आणलं होतं. परकारचाचा नमाजाला गेले असताना मी त्यांच्या कॉम्प्युटरवरून चोरून घेतलं. 'नाटक भाग ३' हे नाव मी दिलं. दुकानात मिसळलं हे मी खोटं बोललो, आणि ग्रुपवरची सूचनाही मीच लिहिली. त्या दिवशी चाचांनी तुमची जी माफी मागितली, ती मी मागायला हवी होती. ती आज मागतो. आणि ज्यांनी ज्यांनी चाचांबद्दल मनात काही धरलं असेल, त्यांनी ते माझ्याबद्दल धरावं. ती फिल्म त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती."